खुंटी मोजावी वापरणाऱ्याच्या हाताने

घर-अंगण

मे महिना सरत आला की कोकणातल्या घरांत आगोटीची धावपळ सुरू होते. मसाले कुटून होतात, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, लाकडे आणि गोवऱ्या आत येतात, कौले फिरवून होतात. परसातल्या अवजारांची आठवण मात्र बहुतेक घरांत पहिला पाऊस पडून गेल्यावरच येते. मग भेंडी, काकडी, पडवळाचे वेल लावायचे म्हणून कुणीतरी खोपीत शिरते आणि कोपऱ्यातल्या ढिगाऱ्यात हात घालून खुरपे शोधू लागते.

कुणाकडे ती चिऱ्याची खोपी असते, कुणाकडे मागच्या पडवीचा कोपरा, तर कुणाकडे पत्र्याची शेड. ढीग सगळीकडे सारखाच. कुदळीवर फावडे, फावड्यावर घमेले, त्यावर नळीचे वेटोळे, आणि सर्वांत खाली हवे असलेले खुरपे. या अंकात हा ढीग जमिनीवरून उचलून भिंतीवर कसा लावायचा ते पाहू. दोन दिवसांचे काम आहे. पावसाआधी ते उरकले, तर पुढचे चार महिने सुखाचे जातील.

ढिगात हात घालणे धोक्याचे का?

कोकणच्या कातळावर, विशेषतः रत्नागिरी भागात, फुरसे मोठ्या प्रमाणात आढळते. हा लहानसा विषारी साप दगडांच्या सांदीत, पाचोळ्यात, लाकडांच्या खाली दडून बसतो. विंचवालाही अशीच अंधारी, कोरडी जागा लागते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी अनेक जीव जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात राहून या दंशावर वर्षानुवर्षे संशोधन केले आणि प्राझोसिन हे औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण वाचतो, हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपाय आज हाताशी आहे, पण दंशच होऊ नये याची काळजी आपल्या हातात आहे. जमीन मोकळी असली की झाडू फिरतो, कोपरा दिसतो आणि जनावराला दडायला जागा राहत नाही. म्हणून खोपीत सरपण आणि अवजारे एकत्र ठेवू नका. लाकडांची रास शक्यतो दुसऱ्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच दगडांवर रचा.

उंची कुणाची धरायची?

खुंट्या ठोकायचे काम बहुधा घरातला पुरुष करतो. सुट्टीवर आलेला मुलगा ड्रिल मशीन आणतो, स्वतःच्या हाताला सोयीची जागा बघतो, तासाभरात सगळे लावून मोकळा होतो. महिन्याभराने तो कुवेतला, कतारला नाहीतर मुंबईला परततो. परस मात्र वर्षभर दादी, अम्मी किंवा सुनबाई सांभाळतात. सहा फुटांवर टांगलेले फावडे काढायला दादीला स्टूल लागते. एक-दोनदा स्टूल आणले जाते, मग ते फावडे परत भिंतीला टेकवून ठेवले जाते आणि महिन्याभरात ढीग पुन्हा तयार होतो.

म्हणून खुंटीची उंची ठरवताना जी व्यक्ती रोज अवजार वापरते तिलाच भिंतीसमोर उभे करा. खांदा न ताणता, कोपर थोडे वाकलेले ठेवून तिचा हात जिथे सहज पोहोचतो तिथे खडूने रेघ मारा. पाच फूट उंचीच्या आणि खांदा दुखणाऱ्या बाईसाठी ही रेघ चार-साडेचार फुटांच्या आसपास येईल. रोजची अवजारे या रेघेच्या वर जायला नकोत.

आता घरातल्या लहान मुलाचा विचार करू. तीन-चार वर्षांचे मूल चवड्यांवर उभे राहून हात वर करते तेव्हा साडेतीन-पावणेचार फुटांपर्यंत सहज पोहोचते. बादली पालथी घालून त्यावर चढले, तर आणखी फूटभर. म्हणजे दादीच्या सोयीची रेघ आणि नातवाच्या हाताची मर्यादा जवळजवळ एकाच ठिकाणी येते. धारदार वस्तू वर टांगल्या तर दादीला त्रास, खाली टांगल्या तर मुलाला धोका. नुसती उंची बदलून हा पेच सुटत नाही. त्यासाठी अवजारांचे दोन भाग करावे लागतात.

बोथट उघड्यावर, धारदार पेटीत

खुरपे, फावडे, पंजा, झारी, घमेले, चाळण, दोरी ही अवजारे उघड्या खुंट्यांवर, दादीच्या रेघेच्या आत राहू द्या.

कोयता, विळा, कुऱ्हाड, करवत आणि सिकेटर यांच्यासाठी भिंतीवर उथळ लाकडी पेटी बसवा. सहा-सात इंच खोल पुरते. आत दोन फळ्या एकमेकींपासून अर्ध्या-पाऊण इंचाच्या अंतराने उभ्या ठोका. त्या खाचेत कोयत्याचे पाते जाते आणि मूठ वर राहते. झाकण उघडले तरी धार हाताला लागत नाही. पेटीच्या तळाला चार-पाच भोके पाडा, म्हणजे हवा खेळेल आणि आत दमट होणार नाही. कडी-कोयंडा झाकणाच्या वरच्या कडेला लावा आणि त्याला लहान कुलूप घाला. किल्ली मात्र खोपीत नको, स्वयंपाकघरात ठेवा.

माडावर चढणारा माणूस कमरेच्या आकडीत कोयती अडकवतो, ते पाहा. हात मोकळे राहतात, पाते अंगापासून दूर राहते आणि न बघता हात गेला तरी मूठच सापडते. पेटीतल्या खाचेनेही हेच साधायचे आहे.

बकरी ईदचे सुरे काही घरांत वर्षभर खोपीतच पडून असतात. त्यांची जागा ही नाही. शेणखत आणि औषधांच्या शेजारी राहिलेली सुरी पुढे अन्नाला लागते. ते सुरे धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून, जाड कापडात गुंडाळून घरातच बंद ठेवा.

जड वस्तू खाली

कुदळ, टिकाव, पहार, मोठा हातोडा यांचा भार मोठा असतो. त्या डोक्याच्या वर कधीही टांगू नयेत. कुदळ आणि टिकाव कमरेच्या उंचीवर दोन जाड खुंट्यांच्या मध्ये, लोखंड वर आणि दांडा खाली असे अडकवा. पहार उभी ठेवायची असेल तर खाली लाकडाचा ठोकळा आणि मधोमध भिंतीला साखळी किंवा पट्टा हवाच, कारण मुलाने नुसते ओढले तरी ती अंगावर येते. लाकडी दांडा जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीपासून वीतभर वर राहिला तर त्याला ओल लागत नाही आणि वाळवीही सहसा चढत नाही.

आंबे काढायचा झेला लांब असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला असो की घरी बांधलेला, त्याचा बांबू भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर हळूहळू वाकतो. त्यासाठी वळचणीखाली तीन आकडे एका ओळीत लावा आणि झेला आडवा ठेवा. आंब्याचा हंगाम संपला की पुढचे कित्येक महिने त्याची गरज नसते, म्हणून तो एवढा उंच असला तरी चालतो.

चिऱ्याच्या भिंतीत आकडा टिकतो का?

इथेच बहुतेकांचे काम बिघडते. जांभा दगड सच्छिद्र असतो. काही ठिकाणी तो टणक, तर काही ठिकाणी बोटाने भुगा व्हावा इतका मऊ. एकेक आकडा सरळ चिऱ्यात ठोकला तर पहिल्या पावसाळ्यात तो सैल होतो आणि कुदळीसकट खाली येतो. त्यापेक्षा तीन-चार इंच रुंद, इंचभर जाड लाकडी पट्टी भिंतीवर आडवी बसवा. ती दर दीड फुटावर लांब स्क्रू आणि प्लगने धरून ठेवा. भोक पाडताना नुसता भुगाच येऊ लागला तर ती जागा सोडून दुसरी घ्या. आकडे मग या पट्टीत लावा. भार सगळ्या स्क्रूंवर वाटला जातो, आणि उद्या एखादा आकडा सरकवायचा झाला तर भिंतीला हात लावावा लागत नाही. लांब दांड्यांसाठी वर एक आणि खाली एक अशा दोन पट्ट्या लावा.

पत्र्याची शेड असेल तर पत्र्याला भोक पाडू नका. पाणी तिथूनच आत येते. लोखंडी अँगलला क्लॅम्पने लाकडी पट्टी बांधा. बाजारात भोकांचे हार्डबोर्डचे तक्ते मिळतात, पण कोकणच्या दमट हवेत ते फुगतात. ते घरातल्या कोरड्या खोलीत ठीक, खोपीत नकोत. समुद्राजवळच्या गावांत साधे आकडे खाऱ्या हवेने लवकर गंजतात, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. तेही नको असतील तर जुन्या घरांतल्यासारख्या लाकडी खुंट्या उत्तम. त्या थोड्या वरच्या अंगाला तिरप्या बसवा, म्हणजे वस्तू घसरत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आकड्यावर चढवला तर पकडही बसते आणि लोखंडावर लोखंड घासत नाही.

पाण्याची नळी खिळ्याला टांगली तर तिथेच मुडपते आणि पुढे तिथेच चिरते. सायकलची जुनी रिम किंवा फुटके घमेले भिंतीवर घट्ट बसवा आणि त्यावर नळी गुंडाळा.

मांडणी आधी जमिनीवर

ठोकाठोक करण्याआधी सगळी अवजारे अंगणात भिंतीच्या मापाने मांडून बघा. दोन अवजारांत चार बोटांचे अंतर ठेवा. रोज लागणारी दाराजवळ, कधीमधी लागणारी आत. मांडणी पटली की मगच खडूने खुणा करा. टांगून झाल्यावर प्रत्येक अवजाराभोवती रंगाने बाह्यरेषा काढा. अमेरिकेतल्या प्रसिद्ध पाककृती-लेखिका जूलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या पतीने भिंतीवरच्या तक्त्यावर भांड्यांच्या अशाच बाह्यरेषा काढल्या होत्या, आणि तो तक्ता आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याला याचा फायदा असा की कोणती वस्तू जागेवर नाही ते एका नजरेत कळते, आणि मदतीला आलेल्या गड्यालाही काही सांगावे लागत नाही.

अमानतीची खुंटी

आणखी एक खुंटी दाराच्या अगदी जवळ, वेगळ्या रंगाची लावा. शेजाऱ्यांकडून मागून आणलेले अवजार तिच्यावरच टांगायचे. ते आपल्या अवजारांत मिसळले की महिनोन्महिने राहून जाते आणि त्यावरून मोहल्ल्यात विनाकारण मने दुखावतात. रोज येता-जाता ते डोळ्यांसमोर राहिले की परत पोचते. आपले अवजार कुणी नेले असेल तर रिकाम्या बाह्यरेषेत खडूने त्यांचे नाव लिहा.

टांगण्याआधी आणि नंतर

माती लागलेले अवजार टांगले तर माती ओल धरून ठेवते आणि गंज चढतो. वापर झाला की माती खरवडा, पुसा, वाळवा. दाराशी एका बादलीत कोरडी जाडसर वाळू घ्या, तिच्यात थोडे तेल मिसळा आणि पाते चार-पाच वेळा खुपसून काढा. वाळू नदीची हवी. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असते, तिने गंज वाढतो. गाडीचे जळके ऑईल वापरू नका, ते भाजीच्या वाफ्यात उतरते. खोबरेल तेलाचा पातळ हात पुरे.

दांड्यांना वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळा. त्या तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अशी चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती उन्हात पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

कीटकनाशके आणि तणनाशके या भिंतीवर नकोत. ती मूळ बाटलीतच, वेगळ्या कपाटात, कुलपात असावीत. सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध मूल पाणी समजून पिते.

शेवटी दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहून ठेवा. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. हात किंवा पाय न हलवता, माणसाला धीर देत थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.

मुंब्रा, भिवंडी, कुर्ल्यातल्या ज्या भगिनींची बाग गॅलरीतल्या सहा कुंड्यांची आहे, त्यांना दोन फूट पट्टी आणि चार आकडे पुरतात. पट्टी गॅलरीच्या कठड्यावर लावू नका, खाली माणसे चालतात. ती दाराशेजारच्या भिंतीवर लावा. सिकेटर मात्र तिथेही डब्यातच ठेवा.

मुलगा सुट्टीवर आला असेल तर हे काम त्याच्याकडून याच आठवड्यात करून घ्या. ड्रिल त्याच्या हातात असू द्या, खडू दादीच्या हातात.