‘रिकाम्या’ जागेचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपला व्यापारी नवी वही काढतो, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखतो, शुभ-लाभ लिहितो. पण म्हणून जुनी वही तो फेकून देत नाही. तिच्यातली शिल्लक पुढे ओढून घेतल्यावाचून नव्या वर्षाचा व्यवहार सुरू होत नाही. आज दिवाळीच्या निमित्ताने आम्हांला एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. मुंबईसारख्या शहराने आपल्या सार्वजनिक जमिनीची वही अशी कधी मांडली आहे काय? होते किती, गेले किती, कशापायी गेले आणि शिल्लक किती?

नमुन्यादाखल आरेचे खाते उघडून पाहू.

एके काळी मुंबईच्या भरवस्तीत म्हशींचे तबेले असत. माणसांना जिथे धड उभे राहायला जागा नाही, तिथे जनावरे दाटीवाटीने बांधलेली. ती शहराबाहेर न्यावीत आणि लोकांना चांगले दूध मिळावे, म्हणून गोरेगावच्या टेकड्यांत १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या कामामागे दारा खुरोडी होते. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे ३,१६० एकर जमीन, सुमारे १६,००० गुरांची सोय, वैरणीची कुरणे, झाडांच्या रांगा. आणि या सगळ्याच्या आधीपासून तिथे नांदत असलेले वारल्यांचे पाडे, त्यांची भाताची खाचरे आणि त्यांचा वाघोबा. ही झाली जमेची बाजू.

आता खर्चाची बाजू पाहा. पावाच्या कारखान्याला जागा हवी होती, आरेत दिली. राखीव पोलीस दलाला हवी होती, आरेत दिली. १९७७ साली चित्रनगरी झाली. तीही आरेच्या जमिनीवर. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यानंतर ‘फोर्स वन’ उभे राहिले. त्यालाही इथलीच जमीन. यांतले एकही काम वाईट नव्हते, हीच तर खरी अडचण! वाईट कामासाठी कोणी जमीन मागितली तर चार माणसे आडवी येतात. चांगल्या कामासाठी मागितली की सगळे माना डोलावतात. चतकोर चतकोर करून भाकरी संपते आणि ती नेमकी कोणी खाल्ली हे शेवटी कोणालाच सांगता येत नाही.

मग भुयारी मेट्रोची पाळी आली. गाड्या ठेवण्याच्या आगारासाठी आरेतील सुमारे ३३ हेक्टर जागा ठरली. २०१९ च्या ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हात धरला, तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. पुढे सरकार बदलले, आगार कांजूरमार्गला निघाले. पुन्हा सरकार बदलले, आगार आरेत परतले. २०२५ च्या ऑक्टोबरात ही मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली. लोकलच्या दारात लोंबकळून आयुष्य काढलेल्या माणसाने तिला नावे ठेवावीत असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीही त्या गाडीत बसू. प्रश्न गाडीचा नाहीच. कोणतीही निकड आली की बोट दर वेळी त्याच जागेकडे का वळते, हा प्रश्न आहे.

याचे उत्तर एका शब्दात दडले आहे आणि तो शब्द म्हणजे ‘रिकामी’. गुरे कमी झाली, म्हणून कुरण रिकामे. इमारत नाही, म्हणून जागा रिकामी. गंमत अशी की, जिथे या शब्दाने लोकांचा लाभ झाला असता, तिथे तो उलटा फिरवला गेला. १९९१ च्या नियमाने बंद गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या मैदानांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमाला दुरुस्ती झाली की, वाटणी फक्त रिकाम्या जागेची. ज्यावर गिरणी उभी आहे ती जमीन वाटणीत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही ही दुरुस्ती टिकली. गिरणगावच्या सुमारे ६०० एकरांतून लोकांच्या वाट्याला यायचे ते मैदान आक्रसून गेले. म्हणजे कुरण रिकामे, म्हणून ते द्यायचे. आणि गिरणी रिकामी नाही, म्हणून मैदान मिळायचे नाही!

वास्तविक आरेची जमीन रिकामी बसलेली नाही. ती पाऊस मुरवते. तिच्या अंगाने मिठी नदी वाहते. आणि २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा नदीचे पाणी कुठे कुठे शिरले हे कुर्ल्याच्या माणसाला विचारावे. भोवतीच्या उपनगरांची धग ती कमी करते. पाड्यावरच्या बाईची भाजी तिच्यावर पिकते. हे सारे काम बिनपगारी आहे, म्हणून ते कोणत्याच वहीत चढत नाही. पगारी नोकर कामावर आला नाही तर लगेच कळते. घरातल्या आईचे काम ती आजारी पडल्यावरच दिसते, तशातला हा प्रकार.

तरी पदरात काहीच पडले नाही असे नाही. माणसे रस्त्यावर आली, विद्यार्थ्यांनी न्यायालयाला पत्र लिहिले, आणि २०२०-२१ मध्ये आरेतील आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वनासाठी वेगळी काढली गेली. आग्रह धरला तर जमेच्या बाजूलाही आकडा चढतो, हे यावरून दिसले.

आमची मागणी म्हणूनच मोठी नाही. प्रत्येक महापालिकेने दर दिवाळीला सार्वजनिक जमिनीचा जमाखर्च छापावा. वर्षभरात कोणते मैदान, कोणते कुरण, कोणती टेकडी कोणाला दिली, किती दिली, किती मुदतीने दिली आणि बदल्यात काय घेतले, हे साध्या मराठीत प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावे. आणि ‘रिकामी’ हा रकाना त्यातून काढून टाकावा. त्या जागी ‘ही जमीन सध्या काय करते’ असा रकाना घालावा. तो भरता भरता बऱ्याच कारकुनांची लेखणी अडखळेल. अडखळू द्यावी!