घरच्या घरी

‘घरच्या घरी केलं की स्वस्त पडतं’ हे वाक्य ज्यानं प्रथम उच्चारलं, तो आपल्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही कधी गेला नसावा. ते बाईनं उच्चारलं असण्याची शक्यता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्यानं बाद करतो.

आमच्या कर्जत-खालापूर भागात शनिवारी मुंबईची मंडळी फार्महाउसवर येतात, पितात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. त्यांचं ठीक आहे. पण ती हवा आमच्या दोन खोल्यांतही शिरली. निमित्त, आमच्या लग्नाचा विसावा वाढदिवस. हॉटेलवाल्यानं माणशी बाराशे सांगितले. तेव्हा आमचे साडू म्हणाले, “वेडा आहेस. घरच्या घरी स्पार्कलिंग वाइनचं कॉकटेल कर!”

साडूंचं अर्थशास्त्र पक्कं आहे. शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या त्या एका प्रांतातल्याच वाइनला लावता येतं. नावाचे पैसे वाचवायचे तर नाशिकची बाटली घ्यावी. यात कमीपणाही नाही, कारण फसफसत्या वाइनची फ्रेंच विद्या शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकातच नारायणगावात आणली होती आणि तिथली बाटली ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशी जात होती. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा पेले होतात. पण निम्मा पेला संत्र्याच्या रसानं नाहीतर कोकमाच्या सरबतानं भरला की बारा! (बँकेत असं केलं तर चौकशी लागते.) माणसं चौदा, बाटल्या दोन.

या बाटलीत मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवायची असते. साडूंनी सिनेमातल्यासारखी हलवून उघडली. पहिले चार पेले आमच्या छतानं घेतले.

रात्री मी खर्च मांडायला बसलो. बाटल्या, बर्फ, संत्री, मंडपवाल्याकडून पेल्यांचं भाडं, झालंच तर परवाने. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये आपल्याकडे पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे चौदा जणांत मला एकट्यालाच ठाऊक होतं. बेरीज हॉटेलच्या निम्म्याहून कमी! साडूंनी माझी पाठ थोपटली.

पण नव्वद बटाटेवडे? वीस जणांना पुरेल एवढी कांदाभजी? दोन चटण्या? सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ओट्याशी उभं असलेलं माणूस? माझ्या वहीत बटाटे होते, तेल होतं, मजुरीचा रकाना कोरा होता. कर्मचाऱ्यांचे पगार न धरता एखाद्या मॅनेजरनं शाखा नफ्यात दाखवली, तर ऑडिटर त्याला उभा सोलील. घरोघरचे कर्ते पुरुष मात्र हाच ताळेबंद वर्षानुवर्षं मांडताहेत, आणि त्याला काटकसर म्हणताहेत.

यावर साडूंचं म्हणणं, “अरे, ती प्रेमानं करते.” करत असेलही. मग प्रेमानं एक घाणा साडूंनीही काढायला काय हरकत होती?

फोटो आले. केक आहे, मी आहे, छताकडे बघणारे साडू आहेत. जिच्या लग्नाचा वाढदिवस होता, ती एकाही फोटोत नाही. एका कोपऱ्यात झाऱ्या धरलेला हात तेवढा दिसतो, तो तिचाच असावा.

मी तिला म्हटलं, “अगं, तू कुठंच नाहीस.”

आमच्या कर्जत स्टेशनात खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात प्रवासी फलाटावरचे वडे खातात. मागे काय जोडलं, कुणी बघत नाही. त्या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

ती कढई घासता घासता म्हणाली, “अहो, बँकेत नोकरीला तुम्ही, आणि बँकर मी, होय ना?”

मी मुकाट्यानं पेले विसळायला घेतले. दोन फुटले. मंडपवाल्यानं त्यांचे लावलेले पैसे वरच्या बेरजेत धरलेले नाहीत.