प्रेमाचा जमाखर्च

आमच्या ब्रँचमधल्या समस्त पुरुषवर्गाशी माझं सध्या वाजलेलं आहे. कारण सोफिया लॉरेन. (गैरसमज नको. सौ.ला सगळं ठाऊक आहे.)

व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'यस्टरडे, टुडे अँड टुमॉरो' हा 1963 सालचा इटालियन चित्रपट. एका तिकिटात तीन गोष्टी आणि तिन्हींत जोडी तीच: मार्चेल्लो मास्त्रोयानी आणि सोफियाबाई. 1965 साली त्याला ऑस्करही मिळालं. पण विषय निघाला की जो तो शेवटच्या गोष्टीतल्या बाईंच्या वस्त्रत्यागापाशी येऊन थांबतो आणि 'चावट पिक्चर' असा शिक्का मारून मोकळा होतो. माझा याला सक्त विरोध आहे. व्हाउचर न वाचता शिक्का मारणारा कारकून आणि हा प्रेक्षक, दोघांनाही मेमो दिला पाहिजे!

अहो, हा प्रेमाचा जमाखर्च मांडणारा सिनेमा आहे. आपल्याकडचे नायक-नायिका झाडाभोवती फिरतात. पण त्यांच्यापैकी कुणी घरभाडं भरल्याचं पाहिलंय? नेपल्सची अदेलिना चोरट्या सिगारेटी विकते, कारण नवरा बेकार. गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने, तुरुंगात टाकता येत नाही हे कळल्यावर ती कर्जाचा हप्ता पुढे ढकलावा तशी पोरागणिक शिक्षा पुढे ढकलते. सात पोरांनंतर नवराच थकतो. दुसऱ्या पुरुषाची सोय होण्यासारखी असते. पण तिला ते जमत नाही. ती तुरुंगाची वाट धरते. ह्याला चावटपणा म्हणायचं, तर निष्ठा कशाला म्हणायचं?

मिलानच्या श्रीमंत आनाचं उलट. तिला म्हणे नवऱ्याच्या पैशाचा वीट आलेला, प्रेम हवं. पण रस्त्यातल्या पोराला वाचवताना प्रियकर तिची रोल्स रॉइस ठोकतो आणि बाईंचं प्रेम जागच्या जागी आटतं. आम्ही खूप हसलो.

म्हणजे मी हसलो. सौ. हसली नाही. शांतपणे म्हणाली, "अहो, गेल्या पावसाळ्यात मी स्कूटरवरून पडले, तेव्हा तुम्ही आधी काय विचारलं होतंत, आठवतंय?"

आठवत होतं. "हेडलाइट फुटला का?"

तेव्हा चावट म्हणणाऱ्यांनो, हा सिनेमा पुन्हा एकदा नीट बघाच. मात्र शक्यतो एकटे बघा.