दवाखान्याचा कागद आपल्या मोबाइलमध्ये हवा

दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. निघताना भांडी, अंथरूण, कोयता, बाजरी सगळे आठवणीने बांधले जाते. दवाखान्याची फाईल मात्र पेटीत राहते, नाहीतर कोपीत दवा-पावसाने भिजते. मग फडात एखाद्या बाईच्या पोटात दुखू लागले की तिथले डॉक्टर विचारतात, "आधी काय तपासले? कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आपल्याकडे उत्तर असते, "पांढरी गोळी होती." मग तपासण्या पुन्हा पहिल्यापासून, आणि खर्चही पुन्हा.

आमचे म्हणणे साधे आहे. घरातल्या प्रत्येकाचे दवाखान्याचे कागद मोबाइलमध्ये जपून ठेवले पाहिजेत. आपली पोरे क्रिकेटचे, गाण्यांचे, स्टेटसचे स्क्रीनशॉट दिवसभर काढतात. तीच सोय आईच्या सोनोग्राफीसाठी वापरली तर जीव वाचू शकतो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. खासगी दवाखान्यांनी अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बंधनही जिल्ह्यात आले. पण परवानगीचा नियम कागदावर असून भागत नाही. "पिशवी खराब झाली, काढून टाका" असे कोणी सांगितले, तर बाईच्या हातात तिचा रिपोर्ट हवा. तो असेल तरच ती सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचारू शकते की खरेच काढायची गरज आहे का, औषधाने भागेल का.

शस्त्रक्रिया झाली असेल तरीही कागद लागतोच. नुसती पिशवी काढली की अंडाशयेही काढली, हे पुष्कळ बायांना माहीत नसते. कमी वयात दोन्ही अंडाशये गेली तर पाळी कायमची थांबल्याचे सगळे त्रास लवकर सुरू होतात, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. पुढच्या डॉक्टरांना हे कळले तर उपचार नीट होतात. ती नोंद डिस्चार्ज कार्डावर असते.

आता कित्येक लॅब रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवतात किंवा मेसेजमध्ये लिंक देतात. पुढे लिंक उघडत नाही, चॅट पुसले जाते, फडात रेंज नसते. म्हणून रिपोर्ट आला त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढावा. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर आणि टॅबवर पॉवरचे बटण व आवाज कमी करायचे बटण एकदम दाबले की पडद्यावर दिसते त्याचा फोटो निघतो. काही मोबाइलवर तीन बोटे वरून खाली ओढली तरी चालते. पीडीएफ असेल तर ती फाईलही सेव्ह करावी, कारण एका स्क्रीनशॉटमध्ये फक्त पडद्यावर दिसते तेवढेच येते. रुग्णाचे नाव, तारीख आणि सगळी पाने आली का, अक्षर वाचता येते का, हे लगेच पाहावे. कागदी चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड यांचे उजेडात फोटो काढावेत. गॅलरीत प्रत्येकाच्या नावाचा वेगळा अल्बम करावा, म्हणजे लग्नाच्या फोटोंत रिपोर्ट हरवणार नाही.

यावर काही जण म्हणतील, मोबाइल फुटला तर? म्हणून मूळ कागद टाकू नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. एक्स-रेची मूळ फिल्म तर जपावीच. फोटोंची एक प्रत गावाकडे राहिलेल्या विश्वासाच्या माणसाच्या मोबाइलवरही असावी.

पण विश्वासाचे माणूस म्हणजे वस्तीचा ग्रुप नव्हे. बाईचा रिपोर्ट, टीबीची किंवा एचआयव्हीची तपासणी, कोणाला दिवस गेल्याची बातमी, हे ग्रुपवर टाकायचे नसते. ते त्या माणसाचे खासगी आहे, त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. आधार कार्डाचा किंवा ओटीपीचा स्क्रीनशॉट कार्ड काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला कधीच देऊ नये. आणि बाईचे कागद फक्त नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या मोबाइलमध्ये असणे आम्हाला मान्य नाही. ज्याचे शरीर, त्याच्याकडे त्याचा कागद हवा. तिच्याकडे मोबाइल नसेल तर मूळ फाईल तिच्याच हाती राहावी.

दवाखाना कागद देत नसेल तर गप्प बसू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाची नोंद डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवायची असते आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते. तोंडी न मागता लेखी अर्ज करावा आणि अर्जाच्या पोच घेतलेल्या प्रतीचाही फोटो काढून ठेवावा.

आपल्या वस्तीत दहावी-बारावी शिकणारी मुले-मुली आहेत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी तासभर थांबून आयाबायांना, म्हाताऱ्या माणसांना हे शिकवावे. शिकवावे म्हणजे मोबाइल हातातून घेऊन स्वतः करू नये, त्यांच्याच बोटांनी बटणे दाबू द्यावीत. टोळी निघायच्या आधी प्रत्येक घराचे हे काम उरकले पाहिजे. जयभीम.