वाचकसंख्येचे भाकीत आणि साधनग्रंथांचे आयुष्य

आंतरजालावर ठेवलेले विद्वत्तापूर्ण लेखन पुढे किती वाचले जाईल, याचे भाकीत सामान्यतः एका उतरत्या आलेखावर बेतलेले असते. प्रारंभी वाचक अधिक, मग क्रमशः ओहोटी. या विचारामागे बर्टन आणि केब्लर यांनी १९६० मध्ये मांडलेली वाङ्मयाच्या ‘अर्धायुष्या’ची कल्पना आहे: सध्या वापरात असलेल्या लेखनापैकी निम्मे लेखन ज्या अलीकडच्या कालावधीत प्रसिद्ध झाले, तो कालावधी. परंतु ही कल्पना विज्ञान-तंत्रविषयक वाङ्मयावरून सिद्ध झाली. ती मराठी संशोधनास सरसकट लागू करणे सयुक्तिक ठरणार नाही.

कृष्णाकाठचीच उदाहरणे पाहावीत. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. वाईस मिळालेल्या पत्रांवर आधारलेला राजवाड्यांचा ‘साधनां’चा पहिला खंड १८९८ चा. शतक उलटले, तरी मराठेशाहीच्या अभ्यासकास या ग्रंथांकडे वळावेच लागते. समीक्षालेख जुना होतो; साधन जुने होत नाही. त्याचा वाचक नव्या प्रश्नाबरोबर येतो आणि नवा प्रश्न केव्हा उपस्थित होईल, हे मागील आकड्यांवरून सांगता येत नाही. वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाची गत आणखी निराळी. त्याचा पहिला खंड १९७६ चा. परंतु आज संगणकावर नोंद उघडणारा वाचक विषय शोधीत येतो, खंडाचे वय पाहून नव्हे.

याहून गंभीर दोष असा की, असे भाकीत स्वतःच स्वतःला खरे करते. वाचक थोडे मिळतील म्हणून ग्रंथाची केवळ छायाचित्रे ठेवावयाची, शोधता येईल अशी अक्षरसंहिता वा सूची करावयाची नाही. मग तो कोणास सापडत नाही आणि अल्प वाचकसंख्या हाच भाकिताचा पुरावा ठरतो! शिवाय घटकाभर नोंद चाळणारा विद्यार्थी आणि एका पत्रावर आठवडा घालविणारा संशोधक यांची गणना आकड्यांत सारखीच होते.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. २०१९ च्या महापुराने सांगली नगर वाचनालयाच्या ग्रंथसंग्रहाची अपरिमित हानी केली. कोणते ग्रंथ आधी संगणकबद्ध करावेत, हा प्रश्न नदीकाठच्या ग्रंथालयांपुढे म्हणूनच तातडीचा आहे. संगणकयंत्रणेवर किती भार येईल हे ठरविण्यास वाचकसंख्येचे भाकीत अवश्य वापरावे. मात्र ग्रंथनिवडीचा निकष दुर्मिळता आणि साधनमूल्य हाच असला पाहिजे. वाचक उशिरा आला तरी चालेल. तो येईल तेव्हा ग्रंथ शिल्लक असला पाहिजे.