फेरफारातल्या आत्या

घराण्याचा शोध घेणारे बरेचजण नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांपासून सुरुवात करतात. गाव आणि आडनाव सांगितलं की कधीकधी पणजोबांची सहीच समोर येते, आणि अंगावर काटा येतो. पण त्या वंशावळींत लेकी फार कमी सापडतात. त्यांच्यासाठी तहसील कचेरीतून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढावेत. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या जमिनीला मुलींची नावं वारस म्हणून लागू लागली, आणि कितीतरी घरांत पुढच्या एखाद्या फेरफारात ‘हक्कसोड’ होऊन ती कमीही झाली. ‘आत्यांनी राजीखुशीनं सोडलं’, असं घरात सांगतात. ते तसंच मानू नये. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकातली मोडी वाचणारा जाणकार जरूर गाठा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईजवळ बसून तिला माहेरच्या शिवाराबद्दल विचारा.