‘गेन’चा गेम

संध्याकाळी सातच्या सुमारास अमरावतीच्या पंचवटी चौकात उभे राहा, किंवा अकोल्यात गोरक्षण रोडला. पाच मिनिटांत एक तरी गाडी अशी येणारच, जिचं गाणं आधी पोचतं आणि गाडी नंतर. काचा बंद, डिक्कीचा पत्रा थरथरतोय, नंबर प्लेट टाळ वाजवतेय. आणि आतून येतंय काय? गायक कोण ते कळत नाही, शब्द कळत नाहीत, ढोल आहे की पत्र्याचा डबा, तेही कळत नाही. बाजूच्या स्कूटरवरचे काका कपाळाला आठ्या घालतात. आपल्या पिढीला मात्र वाटतं, काय सही सिस्टिम आहे यार!

सही वगैरे काही नाही, मंडळी. त्या गाडीत पैसा भरपूर ओतलाय, फक्त ॲम्प्लिफायरवरची एक चिमुकली चकती चुकीच्या जागी आहे. तिचं नाव गेन. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फिरते, करंगळीच्या नखाएवढी असते आणि सीटखाली किंवा डिक्कीत लपलेली असते, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पंचवीस-तीस हजारांची सिस्टिम गाणार की किंचाळणार, हे बऱ्याच वेळा तीच ठरवते.

आता आपल्या पिढीचा क्रम ठरलेला आहे. पहिली नोकरी, पहिली गाडी, पहिला ईएमआय आणि लगेच पहिली म्युझिक सिस्टिम. माझ्या मामेभावाने तेच केलं. तो राहतो अमरावतीला, नोकरी अकोल्याला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत जाऊन-येऊन रोज दोनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता म्हणाल तर वर्ल्ड फेमस! जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला हायवेवर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक लेन सलग डांबरून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. त्याआधीचा विक्रम कतारच्या दोहाचा, २५.२७५ किलोमीटरचा. तर असा रस्ता, हातात वेळ आणि खिशात पगार. साहेबांनी दारात कॉम्पोनंट स्पीकर, सीटखाली फोर चॅनल ॲम्प्लिफायर आणि डिक्कीत सबवूफर बसवून टाकला.

सहा महिन्यांत दोनदा ट्वीटर गेले. दर वेळी नवीन जोडी, दर वेळी नवीन बिल. बसवणाऱ्याचं म्हणणं, माल खराब आला. तिसऱ्यांदा आम्ही दोघं राजापेठेजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. या माणसाने स्पीकरला हातच लावला नाही. सीटखाली टॉर्च मारला आणि म्हणाला, “हा गेन कोनं फुल करून ठेवला राजा?”

“मीच सांगितलं होतं काका. आवाज कमी वाटत होता.”

“अरे, हे आवाजाचं बटन नोय. आवाजाचं बटन थे समोर हाये, स्टिरिओवर. हे जुळवायचं बटन हाये. कायले जाळून रायला पैसे?”

जुळवायचं बटण! सगळा फंडा या दोन शब्दांत आहे.

कसं ते बघू. समोरच्या स्टिरिओतून ॲम्प्लिफायरकडे जाणारा सिग्नल म्हणजे शेवटी व्होल्टेज. साध्या स्टिरिओत ते जास्तीत जास्त दोन व्होल्ट असतं, भारीतल्यात चार-पाच. आता ॲम्प्लिफायरला कसं कळणार की समोरचा दोनवाला आहे की चारवाला? ते आपण त्याला सांगायचं, गेन फिरवून. म्हणून काही ॲम्प्लिफायरवर त्या चकतीला ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेलं असतं आणि आकडे असतात, समजा ६ व्होल्टपासून ०.२ व्होल्टपर्यंत. गंमत म्हणजे ०.२ हा लहान आकडा ‘फुल’च्या बाजूला असतो. त्याचा अर्थ, नुसते ०.२ व्होल्ट आले तरी मी माझी पूर्ण ताकद लावीन. आता तुमचा स्टिरिओ चार व्होल्ट देणारा असेल आणि गेन ०.२ वर असेल, तर चार व्होल्टच्या विसाव्या हिश्शातच ॲम्प्लिफायरचा दम संपतो. व्हॉल्यूमचं बटण अजून अर्ध्यावरही गेलेलं नसतं. आवाज झटकन मोठा होतो म्हणून आपण खूश. पण ताकद एका वॅटनेही वाढलेली नसते, ती फक्त आधी संपलेली असते.

आणि पुढे काय होतं? कापसाच्या हंगामात आपल्याकडे दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, उंच भरलेल्या कापसाच्या गाड्या दिसतात ना, तशी एक गाडी कमी उंचीच्या रेल्वे पुलाखालून काढली अशी कल्पना करा. वरचा सगळा कापूस घासून सपाट! गाण्याच्या लहरीचंही तेच होतं. ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून लहरीचे गोल माथे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. तो फाटका, कर्कश, डोकं उठवणारा आवाज येतो तो इथून.

मामला नुसता कानांचा असता तर एक वेळ चाललं असतं. पण पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प्लिफायर क्लिपिंगमध्ये शंभराच्या दिशेने जाऊ लागतो. ही जादा पॉवर स्पीकरच्या कॉइलमध्ये उष्णता बनून बसते. शिवाय माथे कापले गेले की मूळ गाण्यात नसलेले वरच्या पट्टीतले स्वर तयार होतात आणि ते थेट ट्वीटरकडे जातात. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची. ती आधी जळते. भावाचे दोन जोड असे गेले. माल बिचारा चांगलाच होता.

वर आपला वऱ्हाडी उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, उन्हात उभ्या गाडीच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. त्यात सीटखाली कोंडलेला ॲम्प्लिफायर क्लिपिंगमध्ये राबतोय. तो तापून मध्येच बंद पडला तर दोष त्याला देऊ नका.

मग करायचं काय? काकांनी अर्ध्या तासात, एका साध्या मल्टिमीटरवर केलं ते असं. तुमचा मेकॅनिक करत असेल तेव्हा बाजूला उभे राहून बघा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी स्वतः करा.

१. गेन पूर्ण कमी करा. स्टिरिओचे बास, ट्रेबल, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर. ॲम्प्लिफायरवरचा बास बूस्ट बंद.

२. सिस्टिम बंद करून स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवा. मोजणी वायरींविना करायची, नाहीतर टोनच्या शिट्टीने स्पीकरही जाईल आणि कानही.

३. पेन ड्राइव्हवर शून्य डेसिबलचे टेस्ट टोन घ्या. सबवूफरसाठी ५० हर्ट्झ. दारातल्या स्पीकरसाठी बहुतेक ठिकाणी १००० हर्ट्झ सांगतात, पण स्वस्तातलं मीटर तेवढ्या वर गडबडू शकतं, तेव्हा ४०० हर्ट्झ घेतलेले बरे. ब्लूटूथवरून वाजवत असाल तर फोनचा व्हॉल्यूम फुल ठेवा.

४. स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा. चाळीसपर्यंत आकडे असतील तर तीसवर. का? कारण अगदी शेवटच्या टप्प्यात बरेच स्टिरिओ स्वतःच क्लिप करतात.

५. आता छोटं गणित. वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ५० वॅट आणि ४ ओहमचा स्पीकर असेल तर ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ साधारण १४.१. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला १४.१ व्होल्ट हवेत. ३०० वॅटच्या ४ ओहम सबवूफरला ३४.६ व्होल्ट. वॅट मात्र ‘आरएमएस’चेच घ्या आणि ॲम्प्लिफायर व स्पीकर यांतला जो आकडा लहान, तो घ्या.

६. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला लावा, टोन सुरू करा आणि गेन हळूहळू वाढवा. आकडा आला की थांबा. सगळं बंद करा, वायरी जोडा. झालं!

मीटर नसेल तर कानाने. चांगल्या रेकॉर्डिंगचं, पाठ असलेलं गाणं लावा. गेन कमीवर ठेवून स्टिरिओ पाऊणपर्यंत न्या, मग गेन वाढवत जा. ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले, ढोलकीची थाप फुटायला लागली की समजा माथे कापले जाताहेत. तिथून थोडं मागे या आणि हात काढा. मीटर व्होल्टेज दाखवतं, क्लिपिंग दाखवत नाही. ते स्क्रीनवर दिसतं ऑसिलोस्कोपला, जो प्रत्येक दुकानात नसतो. म्हणून मीटर लावलं तरी शेवटची परीक्षा कानाचीच.

सेटिंग झाल्यावर एक मोह टाळायचा. घरी येऊन बास सहा डेसिबलने चढवला की तेवढ्या भागात चौपट पॉवर मागितली जाते आणि सगळं जुळवलेलं मुसळ केरात. बास जास्तच आवडत असेल तर तो चढवूनच गेन सेट करून घ्या. आणि घरच्यांसोबत जुनी भावगीतं लागली की आवाज बारीक वाटेल. जुनी रेकॉर्डिंग्ज आजच्या गाण्यांपेक्षा हळू असतात. तेव्हा व्हॉल्यूमचं बटण वाढवा, त्यासाठीच ते आहे. गेनला हात नाही.

आता खरेदीची गोष्ट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘२००० वॅट’ लिहिलेलं दिसलं की हुरळून जाऊ नका. आधी फ्यूज बघा. समजा ३० अँपिअरचा फ्यूज आहे. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. इतकी तर आत जाणारी वीज आहे आणि त्यातली काही उष्णतेत जाणार. मग २००० वॅट बाहेर कुठून येणार, अमरावतीच्या संत्र्यांतून? प्रामाणिक आकडा हवा असेल तर सीटीए-२००६ हे मानक पाळलंय का ते पाहा. त्यात ४ ओहम, १४.४ व्होल्ट आणि एक टक्क्याच्या आत विकृती अशी अट घालूनच पॉवर मोजतात.

आणि वॅटच्या मागे किती धावायचं तेही एकदा ठरवा. पॉवर दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. गेनची चकती शेवटच्या टोकाला नेऊन मिळते ती नुसती खरखर आणि गाडीच्या अल्टरनेटरची ‘कुंईऽऽ’. ती कुंई बहुतेक वेळा अर्थिंगच्या जोडणीतून शिरते, पण वाढवलेला गेन तिला लाउडस्पीकर देतो.

शेवटी सगळ्यात महाग वस्तू, जिचा स्पेअर पार्ट मिळत नाही, ती म्हणजे तुमचे कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५. अमरावती-अकोला अप-डाउन करणाऱ्याचे रोज चार तास गाडीत जातात, पाच दिवसांचे झाले २०. म्हणजे ८३ डेसिबलवर गाणी ऐकली तरी आठवड्याचा कोटा गाडीतच संपला, हेडफोनचा हिशेब वेगळाच. क्लिपिंगचा त्रास इथेही आहे. फाटक्या आवाजात शब्द कळत नाहीत, म्हणून आपण व्हॉल्यूम अजून वाढवतो. आवाज स्वच्छ असला की कमी व्हॉल्यूमवरही मन भरतं. भाऊ आता स्टिरिओ चाळीसपैकी अठरा-वीसवर ठेवतो आणि तबल्याचं बोट न् बोट ऐकू येतं म्हणतो. ट्वीटरची तिसरी जोडी अजून शाबूत आहे.

हो, आणि रस्त्यावरचे बाकीचे लोक! २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. डिक्की थरथरवत इर्विन चौकातून जाताना बाजूलाच सरकारी दवाखाना आहे, एवढं लक्षात असू द्या.

तर या रविवारी गाडी धुवायला काढाल तेव्हा सीटखाली एक टॉर्च मारा. चकती कुठे उभी आहे, बघा. शेवटच्या टोकाला असेल तर स्क्रू-ड्रायव्हर शोधा. पंधरा मिनिटांचं काम आहे, राजेहो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.